२४ की ६१? आधी अनुस्वार दिसतो का ते बघा

दोन कॅमेऱ्यांचे फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडायचे, दोन्ही १०० टक्क्यांवर मोठे करायचे आणि "६१ मेगापिक्सेलवाला तर उलट मऊ दिसतोय, नॉइजही (दाणेदार खरखर) जास्त आहे" असा निकाल देऊन मोकळं व्हायचं. सेन्सरची तुलना बहुतेक वेळा इथेच फसते. साधा २४ इंची फुल एचडी मॉनिटर एका इंचात साधारण ९२ पिक्सेल दाखवतो. म्हणजे १०० टक्क्यांवर ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो साडेपाच फुटांचा होतो आणि ९५०४ पिक्सेलचा साडेआठ फुटांचा. एकाच चेहऱ्याचे दोन वेगवेगळ्या आकाराचे बॅनर छापून दोन्हींना नाक लावून बघितल्यासारखं हे आहे. मोठा बॅनर मऊ दिसणारच. त्यात सेन्सरचा काही दोष नाही.

उदाहरणाला सोनीची जोडी घेऊ, कारण ती सोयीची आहे. ए७ मार्क ३ हा २०१८ चा, २४ मेगापिक्सेलचा (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल), ६००० × ४००० पिक्सेल देणारा. ए७आर मार्क ४ हा २०१९ चा, ६१ मेगापिक्सेलचा, ९५०४ × ६३३६ देणारा. दोन्ही फुलफ्रेम, म्हणजे सेन्सर साधारण ३६ × २४ मिलीमीटरचा, दोन्हींचं माउंट (लेन्स बसवायची खाच) एकच, त्यामुळे एका बॉडीवरची लेन्स काढून तीच दुसरीवर चढवता येते. तुलनेत एवढी एक गोष्ट कायम राहिली तरी निम्मी भांडणं मिटतात.

६१ म्हणजे २४ च्या अडीचपट. पण मेगापिक्सेल हे क्षेत्रफळ आहे आणि तपशील मोजायचा असतो लांबीवर. एक गुंठ्याचा चौरस प्लॉट ३३ फूट बाय ३३ फूट. अडीच गुंठ्यांचा चौरस घेतला म्हणून रस्त्याकडेची बाजू अडीचपट होत नाही, ती ५२ फुटांची होते. इथेही तेच: ६००० चे ९५०४ झाले, म्हणजे १.५८ पट. निकॉनच्या झेड६ वरून झेड७ वर गेलात तर ६०४८ चे ८२५६, म्हणजे १.३७ पट. आणि २० वरून २४ मेगापिक्सेलवर जाणं म्हणजे जेमतेम १.१ पट, जो फरक शेजारी शेजारी ठेवूनही बहुतेकांच्या डोळ्याला सापडत नाही. जाहिरातीतला आकडा वाचताना मनातल्या मनात वर्गमूळ काढायची सवय लावून घेतलेली बरी.

हे १.५८ सुद्धा वरची मर्यादा आहे. ते पूर्ण हातात पडतं का, हे लेन्स, फोकस, ट्रायपॉड आणि अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) मिळून ठरवतात. ते घरच्या घरी तपासता येतं.

भिंतीवरचं कॅलेंडर

चाचणीचे छापील तक्ते विकत मिळतात. पण मराठी घरात त्यांच्यापेक्षा बोलकी वस्तू खिळ्याला टांगलेली असते: पंचांगाचं कॅलेंडर. तारखेच्या चौकटीतली तिथी, नक्षत्र, चंद्रोदयाची वेळ ही अक्षरं साधारण २ मिलीमीटर उंचीची असतात. देवनागरीचा इथे मोठा फायदा होतो, कारण आपल्या लिपीत अक्षरांचे फरक फार बारीक जागी आहेत. घ आणि ध यांच्यात फरक शिरोरेषेतल्या तुटीचा, भ आणि म यांच्यातही तसाच, ब आणि व यांच्यात पोटातल्या एका रेघेचा. आणि अनुस्वार म्हणजे तर निव्वळ ठिपका. "जास्त शार्प वाटतंय" असल्या मोघम शेऱ्यापेक्षा "२४ वर घ की ध ते कळत नाही, ६१ वर कळतं" हा निकाल कितीतरी पक्का.

जुन्या महिन्यांची पाच पानं घ्या. ५० मिलीमीटरची लेन्स भिंतीपासून ३ मीटरवर ठेवली तर फ्रेममध्ये साधारण २.१ मीटर बाय १.४ मीटर भिंत मावते. एक पान बरोबर मधे आणि चार पानं चार कोपऱ्यांत, चारही बाजूंनी टेप लावून सपाट चिकटवा. पंखा बंद करा. हे हास्यास्पद वाटेल, पण पानाचा एक कोपरा फडफडत असला की तो कोपरा मऊ येतो आणि दोष लेन्सच्या माथी बसतो. कागद गुळगुळीत असेल तर समोरून दिवा नको. खिडकीतला आडून येणारा उजेड उत्तम, नाहीतर दोन दिवे दोन बाजूंनी ४५ अंशांवर.

कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही हे नजरेनं ठरवू नका. मधल्या पानाच्या जागी छोटा सपाट आरसा भिंतीला टेकवून धरा आणि व्ह्यूफाइंडरमधून बघा. आरशात लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा काटकोनात आहे. दोन बोटं जरी सरकलेलं दिसलं तरी ट्रायपॉड हलवा. हे न करता घेतलेल्या फोटोत डावे कोपरे छान आणि उजवे पुसट येतात, आणि मग लोक लेन्स दुकानात परत करायला निघतात.

ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी यंत्रणा) बंद. शटर पहिल्या पडद्यापुरतं इलेक्ट्रॉनिक ठेवा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर स्वस्त एलईडीखाली आडवे पट्टे पाडतं, आणि पूर्ण यांत्रिक शटरचा धक्का साधारण १/८ ते १/१२५ सेकंद या टप्प्यात दाट पिक्सेलच्या सेन्सरवर दिसून येतो. टायमर २ ऐवजी १० सेकंदांचा लावा. बटण दाबल्यावर हलकासा ट्रायपॉड २ सेकंदांत शांत होत नाही. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अपर्चर एफ ५.६ (एफचा आकडा जेवढा मोठा तेवढं छिद्र लहान), रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल. एक्सपोजर दोन्हींवर सारखं. एकाला एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच, उजेड मिळाला तर काळ्या अक्षरांत नॉइज येतो आणि बारीक रेघ त्यातच विरते.

फोकस हाताने करायचा, चित्र कॅमेऱ्यात जास्तीत जास्त मोठं करून, आणि ज्या अपर्चरवर फोटो काढणार त्याच अपर्चरवर. काही लेन्समध्ये अपर्चर बंद केल्यावर फोकसची जागा थोडी सरकते. रंगीत कडा दाखवणाऱ्या फोकस पीकिंगवर विसंबू नका, ते या कामाला ढोबळ आहे. आता सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात गरजेची पायरी: प्रत्येक कॅमेऱ्यावर फोकस पूर्ण बिघडवून पुन्हा लावायचा, असं पाच वेळा, आणि पाचांतला सगळ्यात चांगला फोटो तुलनेला घ्यायचा. एकेका फोटोवरून केलेल्या तुलनेत बहुतेकदा दोन सेन्सरांची नाही, दोन फोकसांची तुलना होते. कोपऱ्यांसाठी फोकस वेगळा लावून वेगळे फोटो घ्या. लेन्सचं फोकसचं प्रतल बऱ्याचदा बशीसारखं किंचित वाकलेलं असतं. मध्यावर फोकस लावला की कोपरे आपोआप चुकतात, आणि तो दोष ६१ वर जास्त उघडा पडतो.

आता हिशेब बघा. ३ मीटरवरून, ५० च्या लेन्सने, २४ मेगापिक्सेलचा एक पिक्सेल भिंतीवरचे ०.३५ मिलीमीटर झाकतो आणि ६१ चा ०.२२. म्हणजे २ मिलीमीटरच्या अक्षराला पहिल्यात जेमतेम ६ पिक्सेल मिळतात, दुसऱ्यात ९. सहा पिक्सेलांत शिरोरेषा एक पिक्सेल खाते, उरलेल्या पाचात अक्षराचं धड. "मघा" नक्षत्र लिहिलंय हे तुम्हाला माहीत असतं म्हणून तुम्ही ते वाचता. प्रत्यक्षात तिथे शिरोरेषेची तूट दिसतच नाही, आणि "मधा" लिहिलं असतं तरी चित्र तेच आलं असतं. नऊ पिक्सेलांत तूट उघडते, अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा होतो. म्हणून वाचून बघणारा माणूस दुसरा ठेवा, ज्याला त्या महिन्याचं पंचांग तोंडपाठ नाही. घरातल्या आजीला दाखवून उपयोग नाही, ती न बघता सांगेल.

आकार सारखा करा, मगच बोला

दोन्ही फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. कॅमेऱ्यातली जेपेग इथे कामाची नाही, कारण प्रत्येक कॅमेरा आपल्या मनाने धार लावतो आणि नॉइज पुसतो. लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर रॉ फाइल उघडताना न सांगताच शार्पनिंग (कडांची धार) ४० आणि रेडियस (त्या धारेची रुंदी) १.० लावून ठेवतं. यात मेख अशी की रेडियस पिक्सेलमध्ये मोजला जातो. एक पिक्सेल म्हणजे एका फाइलमध्ये भिंतीवरचे ०.३५ मिलीमीटर आणि दुसरीत ०.२२. सारखा आकडा ठेवूनही धार सारखी लागत नाही. पहिल्या फेरीत दोन्हीकडे शार्पनिंग शून्य करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फाइलला तिच्यापुरती सर्वात चांगली धार लावा, कारण शेवटी फोटो वापरताना तसंच करणार आहात. रॉथेरपी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातलं न्यूट्रल प्रोफाइल या कामाला चांगलं आहे.

मग आकार. तपशील बघायचा असेल तर लहान फाइल ९५०४ पिक्सेलपर्यंत ताणा, साध्या बायक्युबिक किंवा लँक्झॉस पद्धतीने. नॉइज बघायचा असेल तर मोठी फाइल ६००० पर्यंत उतरवा. एआयने मोठं करणारी साधनं इथे वर्ज्य. लाइटरूमचं सुपर रिझोल्यूशन २०२१ पासून आहे आणि लांबी-रुंदी दुप्पट करतं. वापरायला ते छानच आहे, पण मोजमापात ते अंदाजाने भरलेले पिक्सेल आणतं. कॅलेंडरवर ते पुसट अक्षराला अशी काही देखणी वळणं देतं की "ध" चा मस्तपैकी "घ" होऊ शकतो.

उतरवण्याच्या दिशेने केलेली तुलना एक वेगळीच गोष्ट दाखवते. ६१ ची फाइल ६००० पिक्सेलवर आणली तरी ती मूळच्या २४ पेक्षा थोडी स्वच्छ आणि कडक दिसते. पिक्सेल तेवढेच, मग फरक कुठून आला? सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. निम्मे हिरवा, पाव लाल, पाव निळा. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची ही मांडणी १९७६ च्या पेटंटपासून चालत आली आहे. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून उसने घेतले जातात. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधल्या प्रत्येक पिक्सेलमागे मोजलेला रंग एकच, बाकी अंदाज. ६१ वरून उतरवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलमागे अडीच मोजमापं असतात. लाल जमिनीवरचा निळा धागा, कॅलेंडरवरचे लाल आकडे अशा ठिकाणी हा फरक आधी दिसतो, काळ्या अक्षरांत नंतर.

लेन्स "पुरत नाही" म्हणजे काय

"एवढ्या सेन्सरला तुझी लेन्स पुरणार नाही" हे वाक्य फोटोग्राफीच्या दुकानांत आणि ग्रुपवर रोज ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तसं नाही. लेन्स आणि सेन्सर हे काही साखळीतले दोन दुवे नव्हेत, की कमजोर दुव्यावर सगळं थांबलं. दोघांचं नुकसान एकत्र मिसळतं. त्याचा एक ढोबळ हिशेब असा: सेन्सरची मर्यादा २४ साठी मिलीमीटरला ८४ रेषाजोड्या (एक काळी रेघ आणि शेजारची पांढरी मिळून एक जोडी) आणि ६१ साठी १३३, कारण पिक्सेलमधलं अंतर अनुक्रमे जवळपास ६ आणि ३.७६ मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग) आहे आणि एका रेषाजोडीला किमान दोन पिक्सेल लागतात. लेन्सची मर्यादा ८० धरली आणि दोघांच्या व्यस्तांचे वर्ग मिळवून पुन्हा मूळ काढलं, तर एकत्रित उत्तर २४ वर ५८ येतं आणि ६१ वर ६९. म्हणजे १.१८ पट. लेन्स उत्तम, १५० ची, असली तर ७३ आणि ९९, म्हणजे १.३६ पट. लेन्स सुमार, ४० ची, असली तर ३६ आणि ३८.

यातून दोन गोष्टी निघतात. सुमार लेन्सवरसुद्धा जास्त मेगापिक्सेलने फोटो बिघडत नाही, थोडा सुधारतोच. आणि उत्तम लेन्सवरसुद्धा १.५८ पूर्ण मिळत नाही. किटसोबत आलेल्या झूमवर अडीचपट मेगापिक्सेलची बॉडी चढवणाऱ्याच्या हाती सहा टक्के पडतात. तेवढे पैसे लेन्सवर खर्च केले असते तर २४ वरच ३६ चे ५८ झाले असते.

लेन्स कितीही भारी असली तरी अपर्चर बंद करत गेलं की प्रकाश स्वतःच पसरतो. हिरव्या प्रकाशासाठी एका बिंदूचा ठिपका एफ ५.६ ला साडेसात मायक्रॉनचा, एफ ८ ला पावणेअकरा, एफ १६ ला साडेएकवीस मायक्रॉनचा होतो. ६१ मेगापिक्सेलच्या सर्वात बारीक रेषाजोडीला एक निर्दोष लेन्स एफ ५.६ वर जवळपास निम्मा कॉन्ट्रास्ट देते, एफ ८ वर ३० टक्के, एफ ११ वर १० टक्के, आणि एफ १६ वर शून्य. शून्य म्हणजे अक्षरशः शून्य: एफ १६ ची मर्यादाच मिलीमीटरला ११४ रेषाजोड्यांची आहे, त्यापुढचं काही सेन्सरपर्यंत पोचतच नाही. शार्पनिंगने कमी झालेला कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, न पोचलेला आणता येत नाही.

कॅलेंडरवर हे पडताळा. तीच मांडणी ठेवून एफ ५.६, ८, ११, १६ असे चार फोटो दोन्ही कॅमेऱ्यांवर काढा. एफ १६ ला ६१ ची आघाडी बरीचशी आटलेली दिसेल. कोकणकड्यावर पायाजवळचा दगड आणि समोरची दरी दोन्ही धारदार हवी म्हणून एफ १६ लावणाऱ्यांनी ६१ मेगापिक्सेल विकत घेऊन त्यातले कितीतरी कड्यावरून खाली सोडलेले असतात. त्यापेक्षा एफ ८ वर वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करून तीन-चार फोटो घ्यावेत आणि घरी येऊन जोडावेत.

खोटा तपशील

दिसणारी प्रत्येक बारीक रेघ खरी नसते. सेन्सरच्या मर्यादेपलीकडची नक्षी लेन्सने आत आणून सोडली तर सेन्सर तिचं काहीतरी भलतंच चित्र काढतो: नसलेल्या लाटा, गुलाबी-हिरवे पट्टे. हाच मॉइरे. वर्तमानपत्रातल्या फोटोवर तो मुद्दाम घडवता येतो. वर्तमानपत्री छपाईचे ठिपके ढोबळमानाने ०.३ मिलीमीटरवर असतात. कॅमेरा दीड मीटरवर आणा. आता ६१ चा पिक्सेल कागदावरचे ०.११ मिलीमीटर झाकतो आणि २४ चा ०.१७. ठिपके वेगळे दिसायला दर ठिपक्यामागे दोन पिक्सेल हवेत. ६१ कडे ते आहेत, २४ कडे नाहीत. ६१ ठिपके ठिपक्यांसारखे दाखवतो. २४ वर तिथे आडवीतिडवी जाळी किंवा रंगीत पट्टे उमटतात, आणि घाईत बघणाऱ्याला तो "केवढा तपशील!" वाटतो.

हे टाळण्यासाठी बऱ्याच सेन्सरांवर प्रकाश किंचित पसरवणारा फिल्टर असतो, ज्याला लो-पास किंवा एए फिल्टर म्हणतात. २०१२ मध्ये निकॉनने ३६ मेगापिक्सेलचा डी८०० आणि डी८००ई असे जुळे कॅमेरे काढले. दुसऱ्यात या फिल्टरचा परिणाम रद्द केलेला होता. ए७आर मार्क ४ मध्येही हा फिल्टर नाही. त्यामुळे तुलना करताना एकावर फिल्टर आणि दुसऱ्यावर नाही असं असेल, तर फरकाचा काही भाग मेगापिक्सेलचा नसून फिल्टरचा असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना मॉइरेचं दुखणं ठाऊक असतं. खणाचं बारीक विणीचं कापड, नवरदेवाचा रेघांचा कोट, पूर्ण उंचीचा फोटो काढायच्या अंतरावरून. ६१ वर ही भानगड बंद होत नाही, फक्त वेगळ्या अंतरावर सुरू होते. दोन पावलं पुढे-मागे झालं की बहुतेक वेळा सुटका होते.

नॉइजबद्दल थोडक्यात. सेन्सरचा आकार तोच आणि पिढी जवळपास तीच असेल तर त्यावर पडणारा एकूण प्रकाश तोच. ६१ चा एकेक पिक्सेल जास्त खरखरीत असतो हे खरं, पण २४ च्या आकाराला उतरवताना अडीच पिक्सेलांची सरासरी होते आणि खरखर साधारण १.६ पट कमी होते. फिट्टंफाट. फरक उरतो तो आयएसओ २५६०० च्या आसपास आणि त्यापुढे, गडद भागांत.

हाताच्या थरथरीचं मात्र तसं नाही. ५० च्या लेन्सला १/५० सेकंद हा जुना नियम छापील फोटो हातात धरून बघण्यासाठी होता. ६१ चा एक पिक्सेल ५० च्या लेन्समागे आकाशातले साडेपंधरा आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० आर्कसेकंद) झाकतो, हात तेवढा स्थिर नसतो. जास्तीचा तपशील खरोखर हवा असेल तर १/१०० किंवा १/१५० लावा. फोकसच्या खोलीचंही, म्हणजे किती अंतरापासून किती अंतरापर्यंत धारदार येतं त्याचंही, तेच. लेन्सवर कोरलेल्या अंतराच्या खुणा आणि मोबाइलवरची गणकयंत्रं बहुधा सेन्सरवर ०.०३ मिलीमीटरचा अस्पष्टपणा चालेल असं धरून चालतात. ६१ वर ते ८ पिक्सेल होतात. "कोष्टकानुसार तर डोंगर फोकसमध्ये होता" ही तक्रार इथून येते.

मोबाइलचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. २०२३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस२३ अल्ट्राच्या २०० मेगापिक्सेल सेन्सरवर पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा आणि लेन्स एफ १.७ ची. एवढ्या उघड्या अपर्चरलाही प्रकाशाचा ठिपका २.३ मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास चार पिक्सेल रुंद. शिवाय रंगाचे फिल्टर सोळा-सोळा पिक्सेलांच्या गटावर एकच. म्हणून तो फोन एरवी सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो आणि तो चांगला देतो. त्याच्या २०० ची २४ शी तुलना करायला जाऊ नका, कॅलेंडर लगेच सांगेल.

हे सगळं लागतं कुठे

हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात, कारण फूटभर अंतरावरून डोळ्याला त्यापलीकडचं वेगळं दिसत नाही. त्या हिशेबाने २४ मेगापिक्सेलचा फोटो २० × १३ इंच छापता येतो आणि ६१ चा ३१ × २१. लग्नाचा अल्बम, दिवाणखान्यातली फ्रेम इथवर २४ आरामात पुरतो. त्याहून मोठी प्रिंट कोणी जवळ जाऊन बघणार असेल, तरच ६१ ला काम आहे. संग्रहालयातली प्रिंट, चित्राची किंवा जुन्या हस्तलिखिताची नक्कल, नकाशा. हस्तलिखितांच्या कामाला तर ए७आर मार्क ४ चं पिक्सेल शिफ्टही वापरता येतं. सेन्सर कणभर सरकवत १६ फोटो घेऊन ते जोडलं की २४० मेगापिक्सेल मिळतात. कागद जागचा हलला नाही तर.

चौकातला फ्लेक्स हा याच्या अगदी उलट. वाढदिवसाचा २० फुटी फ्लेक्स ६००० पिक्सेलच्या फोटोतून छापला तर इंचाला २५ पिक्सेल येतात. आकडा ऐकून डिझाइनरचे डोळे विस्फारतात, पण तो बघणारा माणूस २० फूट लांब असतो आणि तिथून डोळ्याला इंचाला १४ च्या पुढचं कळत नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटोसुद्धा चालून जातो. फ्लेक्स खराब दिसला तर बहुतेकदा कारण असं की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला होता.

खरी चैन आहे ती क्रॉप करण्यात, म्हणजे फोटोतला हवा तेवढाच भाग कापून घेण्यात. उजनी धरणाच्या जलाशयावर भिगवणला नावेतून ४० मीटरवरचा खंड्या टिपायचा आहे, लेन्स ४०० ची. २८ सेंटीमीटरचा पक्षी सेन्सरवर २.८ मिलीमीटरचा पडतो. २४ वर त्याला ४७० पिक्सेल मिळतात, ६१ वर ७४५. इथे सेन्सर केवढा आहे याला महत्त्वच नाही, पिक्सेल किती दाट आहेत एवढंच बघायचं. कॅननचा आर७ हा लहान सेन्सरचा, साडेबत्तीस मेगापिक्सेलचा कॅमेरा, पण त्याचा पिक्सेल ३.२ मायक्रॉनचा. त्याच लेन्सने, त्याच जागेवरून तो त्याच खंड्याला ८७५ पिक्सेल देतो. पक्षी टिपणाऱ्याने कॅमेऱ्याच्या खोक्यावरचे मेगापिक्सेल वाचू नयेत, सेन्सरची रुंदी मिलीमीटरमध्ये घ्यावी आणि तिला रुंदीतल्या पिक्सेलांच्या संख्येने भागावं.

हे आकडे सकाळी सातचे. दहा वाजता पाण्यावरची हवा थरथरायला लागते, आणि मग २४, ६१ आणि आर७ तिघांच्याही खंड्याची पिसं सारखीच विरघळलेली येतात. पुण्यातल्या गच्चीवरून सिंहगडावरचा टीव्ही टॉवर टिपून सेन्सर तपासणाऱ्यांचंही दुपारी हेच होतं. उन्हात बारा वाजता घेतलेली लांबच्या वस्तूची कुठलीही तुलना समोर आली तर ती न वाचता पुढे जा.